मागच्या सीटवरचा प्रवासी

निवृत्त झाल्यावर पहिल्या सहा महिन्यांत नानांनी घरातली बंद घड्याळं दुरुस्त केली आणि जी चालू होती ती बिघडवून ठेवली. मग स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. मग ते मुलीच्या मागे लागले. कामावर कुठल्या रस्त्याने जातेस, वळताना आरशात बघतेस का, पुढच्या गाडीला चिकटून चालवू नकोस. तेहतीस वर्षं बस चालवलेला माणूस, हाताला काम नाही म्हटल्यावर जीव मेटाकुटीला येणारच. शेवटी मुलीने त्यांच्या वाढदिवसाला बस चालवायचा खेळ आणला. टीव्हीला जोडायचं एक खोकं, टेबलाच्या कडेला आवळायचं छोटं स्टिअरिंग आणि पायाखाली तीन पेडल.

तिला वाटलं होतं, नाना नाक मुरडतील. नानांनी स्टिअरिंगवरून हात फिरवला, खुर्ची दोन बोटं मागे घेतली, टीव्हीतल्या आरशात पाहिलं आणि म्हणाले, "ठकू, गाडी हलकी आहे गं." त्यानंतर चार तास ते जागचे हलले नाहीत. ती दारात उभी राहून हसत होती. चाळिशी ओलांडलेली, मोठ्या इस्पितळात एकोणीस वर्षं मेंदूचे आलेख काढणारी बाई, पण नानांच्या लेखी ती अजून ठकूच.

दोन महिन्यांत तिचं हसू पार मावळलं.

नाना सकाळी दात घासायच्या आधी त्या खुर्चीत बसत. समोर बघताना पापणी लवत नसे, त्यामुळे डोळे कोरडे आणि लाल झाले होते. उजवा घोटा सुजून चपलेत मावेनासा झाला. पॅंट कमरेवर राहीना म्हणून त्यांनी सुरीने पट्ट्याला नवं भोक पाडलं, मग त्याच्या आत आणखी एक. शेजारी ठेवलेलं ताट तसंच गार व्हायचं. कधी बळेच जेवायला बसवलं, तर घास तोंडात आणि उजवा पाय टेबलाखाली ब्रेक दाबतोय.

"विकतचं दुखणं मीच घरात आणलं," ती आपल्या विभागाच्या डॉक्टरीणबाईंना म्हणाली.

"असं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दर थांब्याला खेळ शाबासकी देतो. मेंदूला त्याची चटक लागते. मग साधं जेवण, साध्या गप्पा अळणी वाटायला लागतात. झोप, भूक, दुखणं, यांचं मेंदू ऐकतच नाही. एकदम बंद नका करू. थोडं थोडं कमी करा, चालायला न्या. आणि एकदा आलेख काढून ठेवा."

रविवारी दुपारी ती नानांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली आणि त्यांचा सुजलेला पाय मांडीवर घ्यायला गेली. त्यांनी तो पेडलवरून उचलला नाही.

"नाना, बास आता. उठा."

"कसा उठू? गाडीत माणूस आहे."

हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. शेवटचा प्रवासी उतरल्याशिवाय ड्रायव्हरने जागा सोडायची नाही. एकदा ताप अंगात घेऊन नानांनी एका म्हातारबुवांसाठी पाऊण तास थांबून काढला होता, कारण ते गाढ झोपले होते आणि त्यांना उठवायचं नानांच्या जिवावर आलं होतं.

"कुठे आहे माणूस?"

"मागच्या सीटवर. वीस दिवस झाले. दार उघडतो, हॉर्न देतो, शेवटच्या थांब्यालाही उतरत नाही. डोकं तेवढं दिसतं."

तिने टीव्हीतल्या आरशात पाहिलं. बसमधल्या सगळ्या सीट रिकाम्या होत्या. "मला तर कुणी दिसत नाही, नाना."

"तू प्रवाशासारखी बघतेस," नाना मायेने म्हणाले. "ड्रायव्हरसारखं बघ."

दुसऱ्या दिवशी तासाभरात परत आणायच्या बोलीवर ते इस्पितळात यायला तयार झाले. खेळातली बस त्यांनी डेपोत उभी केली, दार उघडं ठेवलं आणि निघताना टीव्हीकडे वळून म्हणाले, "आलोच हं, साहेब." तिला हसू आलं आणि लगेच रडूही.

तिने टेपने त्यांचं डोकं मोजलं, लाल पेन्सिलीने खुणा केल्या आणि लेप लावून वायर जोडलेल्या एकवीस चकत्या बसवल्या. पांढरे विरळ केस बाजूला करताना तिला वाटलं, आपण या डोक्यावरून असा हात कधी फिरवलाच नव्हता.

"डोळे मिटा, नाना."

डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या भागात एक संथ, नेमकी लाट उठते. डोळे उघडले की ती विरते. हजारो डोक्यांवर तिने हे पाहिलं होतं. नानांची लाट सेकंदाला दहा, सुरेख होती. तिला हायसं वाटलं.

मग तिला त्या लाटेखाली दुसरी लाट दिसली. सेकंदाला सहा. तीही मागच्याच भागात.

"डोळे उघडा."

नानांची लाट विरली. दुसरी चालूच राहिली.

तिने चकती बदलली, वायर बदलली, लेप पुसून नव्याने लावला. लाट जिथल्या तिथे होती. एका डोक्यात एका वेळी डोळे उघडेही असावेत आणि मिटलेलेही, तसं ते दिसत होतं.

"नाना," तिने हळूच विचारलं, "तो आत्ता कुठे आहे?"

"मागेच. पण आज पुढे वाकून बसलाय. बघतोय."

"काय बघतोय?"

"तुझं काम. बघू दे की. तुझे हात हलके आहेत."

डॉक्टरीणबाईंनी आलेख पाहिला आणि वायर सैल असणार म्हणाल्या. तिने मान डोलावली. एकोणीस वर्षांत तिची वायर सैल राहिली नव्हती.

घरी येताच नाना पुन्हा खुर्चीत बसले. त्या आठवड्यात त्यांचं वजन आणखी दोन किलोने घटलं. शनिवारी सकाळी न्हाणीघरात त्यांना भोवळ आली. तिने त्यांना सावरलं, तर ते म्हणाले, "आधी गाडीत बसव मला."

बाप डोळ्यांदेखत झिजत होता आणि तिच्याकडे त्याला थांबवायला एकही शब्द नव्हता.

मग तिला एक शब्द आठवला.

तिने नानांना खुर्चीत बसवलं आणि ती खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली, बदलीचा ड्रायव्हर बसच्या दारात उभा राहतो तशी.

"नाना, बदली आली."

नानांनी मान वळवली. गाडी चालू असताना प्रथमच त्यांनी पडद्यावरची नजर काढली होती. त्या कोरड्या डोळ्यांत पाणी आलं.

"गाडी ठीक," ते म्हणाले. "ब्रेक ठीक. प्रवासी एक. घेतली?"

ती पुढे आली.

"ठकू, तोंडदेखलं म्हणू नकोस. घेतली म्हटलं की गाडी तुझी, माणूसही तुझा."

तिने त्यांच्या घोट्याकडे पाहिलं.

"घेतली."

नानांनी स्टिअरिंग सोडलं आणि भिंतीला धरून ते उठले.

तिने बस शेवटच्या थांब्यापर्यंत नेली. दार उघडलं. थांबली. आरशात सगळ्या सीट रिकाम्या होत्या. कुणी उतरलेलं तिला दिसलं नाही. बराच वेळ गेल्यावर तिने दार लावलं आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. स्वयंपाकघरातून नानांचा आवाज आला, "भाजी आणखी आहे का गं?"

त्या दिवशी ते चौदा तास झोपले. तीन आठवड्यांत घोटा उतरला. पट्टा पहिल्या भोकावर आला. सकाळी ते बागेत फिरायला जाऊ लागले आणि तिथल्या माळ्याला पाण्याची नळी कशी धरायची ते शिकवू लागले. खेळाबद्दल त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. एकदा ताबा दिला की विचारायचं नसतं, हाही डेपोतला रिवाजच होता. दुसरा आलेख स्वच्छ आला. सेकंदाला दहा, बाकी काही नाही. "बघा, वायरच होती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तिला इतका आनंद झाला होता की तिने वाद घातला नाही.

सोमवारी रुग्ण यायच्या आधी यंत्र तपासायचं असतं. ती ते स्वतःच्याच डोक्यावर तपासायची. मागून पुढे एका ओळीत चार चकत्या, अर्धं मिनिट डोळे मिटायचे, मग उघडायचे.

तिने डोळे उघडले आणि पडद्याकडे पाहिलं. तिची लाट विरली होती.

सगळ्यात मागच्या चकतीवर एक लाट चालूच होती. सेकंदाला सहा.

फोन वाजला. नाना होते. "ठकू, विचारायचं नसतं, पण राहवत नाही. तो उतरला ना? नाहीतर मी येतो परत. माझा जुना प्रवासी आहे, मी बघतो त्याच्याकडे."

मागे बागेतल्या पक्ष्यांचा आवाज येत होता. नानांचा स्वर खणखणीत होता.

"उतरला, नाना," ती म्हणाली. "केव्हाच."

"देव पावला. बरं, जेवून घे वेळेवर."

फोन ठेवून तिने आलेख पाहिला. ती 'उतरला' म्हणाली होती तिथे लाट क्षणभर सपाट झाली होती. मग ती पुन्हा सुरू झाली होती, तशीच संथ, पण एक चकती पुढे.