हात खाली येईपर्यंत

बाबांना न्यायला मी गेले, तेव्हा दुपारची ओहोटी होती. तरी समुद्र घराच्या कुंपणापर्यंत आलेला. मोजणी कचेरीने घर रिकामं करायला तीनदा सांगितलं होतं. बाबा तिथलेच निवृत्त मोजणीदार, पण ऐकतील तर शपथ. बॅग भरताना मी पुटपुटत होते आणि ते ओसरीवर आपल्या जुन्या दुर्बिणीशी बसले होते.

समुद्र दरवर्षी किती आत आला ते मोजणं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. पूर्वी इथे दाट खारफुटी होती. नव्या धक्क्यासाठी ती तोडली आणि समुद्राला रान मोकळं मिळालं. आधी मिठाची कोठारं गेली, मग दोर वळणाऱ्यांची गल्ली, मग आमचं पहिलं घर. आई म्हणायची, “घर बुडताना पाणी मोजत बसणारा नवरा मिळालाय मला.”

मी बारा वर्षांची असताना त्या पहिल्या घराच्या पायरीवरच तिचा पाय घसरला आणि ती वाहून गेली. निदान आम्हा भावंडांना तसं सांगितलं होतं.

“घसरला नव्हता,” बाबा अचानक म्हणाले.

मग थांबत थांबत त्यांनी सगळं सांगितलं. मोजणीला दोघं लागतात. एक दुर्बिणीशी, दुसरा लांब, आकडे रंगवलेली पट्टी धरून. लाटांच्या आवाजात हाक पोचत नाही, म्हणून खूण ठरलेली असते. हात वर दिसला की जागचं हलायचं नाही. खाली आला की मोकळं. त्या दिवशी मदतनीस आला नव्हता, म्हणून आई पट्टी घेऊन पहिल्या घराच्या पायरीवर उभी राहिली. बाबांनी डावा हात वर केला, आकडा वाचला आणि उजव्या हाताने लिहू लागले. मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताळा जुळेना, म्हणून वहीतच गुंतले. डावा हात वरच राहिला. मान वर केली तेव्हा पायरीवर नुसता फेस होता.

“पळून यायचं ना गं तिने... पण कामात कुचराई तिला कधी जमलीच नाही.”

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. आई हवी होती, एवढंच वाटलं, बारा वर्षांची असताना वाटायचं तसं.

“मग आता इथून का हलत नाही?”

“ती ओहोटीला दिसते. मी माझा हात केव्हाच खाली केला... आता तिने वर केलाय.”

म्हातारपणाचे भास, असं मनात म्हणत मी दुर्बिणीला डोळा लावला. त्या जुन्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. पाणी वर, आभाळ खाली, बगळेही पाय वर करून चाललेले. आणि मधोमध एक बाई मात्र सरळ उभी. पदर खोचलेला, एका हातात पट्टी, दुसरा हात वर. खारट, कुजक्या पानांचा वास आला. खारफुटीत यायचा तसा. डोळा काढून पाहिलं, तर समोर मोकळं पाणी.

“हात?” बाबांनी हळूच विचारलं. त्यांची नजर आता अधू झाली होती.

“खाली आला, बाबा,” मी म्हणाले. “जा म्हणाली.”

ते लहान मुलासारखे रडले आणि मुकाट्याने दादाने पाठवलेल्या गाडीत बसले. कुलूप लावून मागून येते, असं मी त्यांना सांगितलं.

त्याला चार वर्षं झाली. बाबा दादाकडे सुखात आहेत, जेवतात, झोपतात. पाणी आता ओसरीच्या पायरीला लागतं. कुलूप तसंच माझ्या मांडीवर आहे. खूण बघितली त्याने हलायचं नसतं, आणि मी बघितली आहे. खरं सांगायचं तर हलावंसं वाटतही नाही. रोज दोन वेळा आई दिसते.

उद्या दादा मला ओढून न्यायला येतोय. दुर्बीण झाकून ठेवायला हवी, हे मला कळतं. पण आई त्याचीही आहे.