तापासुराचं पोट

बापूसाहेबांना तापासुरापासून तीन फायदे होते. पहिला, पेपरात फोटो. दुसरा, जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर आली होती आणि तिकीट मागताना नावामागे 'पर्यावरणप्रेमी' लावलेलं बरं दिसतं. तिसरा फायदा ते कुणालाच सांगत नव्हते. तो शोधून काढला तीन पोरांनी, आणि तोही दिवाळीच्या सुट्टीत, जेव्हा शहाण्या पोरांनी फराळाच्या डब्यांपलीकडे काही शोधायचं नसतं!

तापासुर म्हणजे ग्लोबल वॉर्मिंगचा राक्षस. वडगाव रासाईत, भीमेच्या काठच्या मोकळ्या मैदानात तो मांडी घालून बसला होता. बांबूचा सांगाडा, गोणपाटाचं अंग, पत्र्याचं तोंड, गळ्यात जुन्या टायरांची माळ आणि पोट तर असं, की सात गावचं जेवून आलाय! भाऊबीज झाली की शाळेची पोरं जमवून फेरी, घोषणा आणि शेवटी तापासुराचं दहन, असा बापूसाहेबांचा बेत होता.

"सर, टायर जाळल्यावर तापमान कमी कसं होणार?" साधनानं विचारलं. ती दौंडच्या रेल्वे कॉलनीतली, नववीतली. सुट्टीला मामाकडे आली आणि आल्या दिवसापासून घोषणांचे फलक रंगवायला बसली.

चित्रकलेच्या सरांनी ब्रश कानामागे खोचला. "ते प्रतीकात्मक आहे."

"मंग धूर बी प्रतीकात्मकच निघंल ना, सर?" तिचा मामेभाऊ सुमित म्हणाला. त्याच्या एका खिशात खडू होते, दुसऱ्यात चकल्या.

"तू फलक सरळ धर!"

इतक्यात मल्हार धावत आला. सुमितच्या वर्गातला हा पोरगा कधी धावायचा नाही. मेंढरांमागं चालणाऱ्याला धावायची सवय नसते. "आबाची मेंढरं पडली! लवकर चला!"

काठावरच्या बाभळीखाली निम्म्याहून जास्त कळप आडवा झाला होता. काही मेंढ्या पाय झाडत होत्या, काहींनी तेही सोडलं होतं. एक कोकरू मेलेल्या आईला ढुश्या मारत होतं. मल्हारचे आजोबा, गेणबा, मधोमध बसून होते.

बापूसाहेब लगेच आले. "आरं गेणबा, कोवळ्या ज्वारीत घातलीस व्हय मेंढरं? धनगर असून एवढं कळंना? वय झालं तुझं!"

जमलेल्या माणसांनी माना हलवल्या. कोवळी ज्वारी मेंढरांना विषासारखी असते, हे धनगराचं तान्हं पोरही जाणतं. गेणबांना तसं म्हणणं म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याला गुडघाभर पाण्यात बुडालास म्हणणं. म्हातारा उठला, घरी गेला आणि भिंतीकडे तोंड करून निजला. दोन दिवस त्यानं भाकरीला हात लावला नाही.

"आबा असा मरंल," मल्हार म्हणाला. "मेंढरांपायी न्हाई. त्या बोलण्यापायी."

"ज्वारी खाल्ली नव्हती, हे नक्की?" साधनानं विचारलं.

"तोंडात हिरवं कुठं हुतं? पांढरं हुतं. मिठावानी."

"मीठ खातात मेंढरं?"

"जीव टाकत्यात! आबा अधनंमधनं खडामीठ चारतो ना. वास आला की कळप आवरत न्हाई."

मग तिघं माग काढत निघाले. खुरांचे ठसे पाण्यावरून आले होते आणि वाटेत एका जागी सगळेच वळले होते. ती जागा म्हणजे तापासुराची पाठ!

गोणपाटाच्या खालून काहीतरी झिरपून वाळलं होतं. जमिनीवर पांढरी खपली, आणि ती जिभांनी चाटून गुळगुळीत झालेली. सुमितनं बोट पुढं केलं. साधनानं ते वरच्या वर पकडलं.

"चकली समजलास काय?"

मल्हारनं काडीनं गोणपाट उचकटलं. वर भुसा. भुशाखाली निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, एकावर एक, पार मानेपर्यंत. आणि वास असा, की तिघांच्याही डोळ्यांत पाणी आलं.

"गाडी!" सुमित पुटपुटला. तिघं पालथ्या घातलेल्या होडीमागं दडले.

हनुमंताचा टेम्पो येऊन थांबला. हनुमंत गावचाच. त्याच्या दोन्ही हातांना फडकी गुंडाळलेली होती. बापूसाहेब पुढच्या सीटवरून उतरले.

"शेवटची खेप ना रं?"

"व्हय साहेब. पर ह्ये कंपनीतलं, जाळल्यावर..."

"जाळायचंच हाय! कंपनीला घाण टाकाया जागा पायजे, आपल्याला राक्षस पायजे. निवडणुकीत ते आपल्याला इसरत्यात व्हय? आन् उद्या पोरांचा गोल जवळ घ्यायचा. फोटोत आग आन् पोरं दोन्ही आली पायजेत."

"माझी नकुशी बी पुढच्या रांगेत हाय, साहेब."

"मंग फोटोत येईल की! धूर वर जातो गड्या, खाली येत न्हाई."

हनुमंत पिशव्या उतरवायला लागला.

टेम्पो गेल्यावर सुमित होडीमागून उठला. "जळताना आपण सगळी गोलात आसणार!"

तिघं धावत सरांकडे गेले. सरांनी ऐकलं आणि हात झटकले. "बापूसाहेबांवर आरोप? नाटकं करू नका! एवढी हौस असेल तर उद्या पथनाट्य करा. दहनाआधी दहा मिनिटं रिकामीच आहेत."

"करतो, सर," साधना म्हणाली. इतक्या गोड आवाजात, की सर दचकले.

"उद्या तहसीलदारबाई येनार," मल्हार म्हणाला. "त्यांच्या कानातच सांगूया."

"एका कानात आपण सांगू, दुसऱ्यात बापूसाहेब सांगतील. सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत उघडायला पाहिजे. तुझ्याकडे विळा आहे?"

दुसऱ्या दिवशी फेरी झाली. "झाडे लावा, झाडे जगवा!" पोरांचे घसे बसले. गोल झाला, पुढच्या रांगेत लहानगी. त्यात नकुशी, कागदी पान डोक्याला बांधून. हनुमंत पेटता टेंभा घेऊन उभा. मंडपात बापूसाहेब आणि तहसीलदारबाई.

सुमित बापाचा पांढरा सदरा अंगात घालून आला. "मी डॉक्टर! पेशंट कोण?"

"तापासुर!" साधना ओरडली. "अंग तापलंय, जग तापलंय!"

"खाल्लं काय यानं?"

"पोट फाडल्याबिगर कसं कळंल?" तोंडाला ओलं फडकं बांधून मल्हार पुढं झाला. लोक हसले. बापूसाहेब नाही हसले.

"पुरे झालं नाटक! खाली बसा!"

पण विळा फिरला होता. गोणपाट टर्रकन फाटलं, भुसा सांडला, आणि निळ्या पिशव्या घसरत खाली आल्या. एक फुटली. पांढरी भुकटी उडाली. पुढची पोरं खोकायला लागली.

"मागं व्हा! सगळे मागं!" साधना हात पसरून ओरडली. "हेच गेणबा आबांच्या मेंढरांनी चाटलं! हेच आता पेटणार होतं!"

"हनुमंता, पेटव!" बापूसाहेब खुर्चीवरून उठले. "बघतोस काय? पेटव!"

टेंभ्यातून तेलाचे जळते थेंब मातीत पडत होते. हनुमंत तापासुरापासून हातभर अंतरावर. मल्हार त्याच्या आणि पिशव्यांच्या मध्ये उभा राहिला.

"हनुमंतमामा, नकुशी खोकतीया," तो म्हणाला.

हनुमंतानं वळून पाहिलं. मग तो नदीकडे चालत गेला आणि टेंभा पाण्यात बुडवला. परत येऊन त्यानं तहसीलदारबाईंसमोर हातांची फडकी सोडली. पुढच्या बायांनी तोंडं फिरवली.

"कंपनीतनं मीच आनलं, बाई. कुणी सांगितलं, त्ये बी सांगतो."

नंतर कौतुक झालं, आणि खूप झालं. तहसीलदारबाईंनी तिघांच्या पाठीवर हात ठेवला. सर म्हणाले, "मला आधीपासूनच शंका होती." गावची माणसं गेणबांच्या दारात आली. "चुकलं आमचं, गेणबा." म्हातारा उठून बसला आणि त्यानं भाकरी मागितली.

महिन्याभरानं पंचायतीत सत्कार झाला. साधना दौंडहून खास आली. शाली घातल्या सुरेखाताईंनी. सुरेखाताई म्हणजे बापूसाहेबांच्या मंडळी. बापूसाहेबांचं नाव जरा काळवंडलं म्हणून तिकीट त्यांना मिळालं होतं.

गेणबांनी नातवाच्या शालीचं टोक चिमटीत चोळून पाहिलं.

"लोकर न्हाई ही."

"मंग काय हाय, आबा?"

"काय की. ऊब न्हाई."

तेव्हा हिशोब असा झाला. बापूसाहेबांचं तिकीट गेलं, पण घरातच राहिलं. कंपनीला नोटीस आली. पिशव्या दुसऱ्या गाडीत भरून नेल्या. कुठं नेल्या, हे तिघांनी दोनदा लिहून विचारलं, उत्तर आलं नाही. हनुमंताचा टेम्पो मालकानं काढून घेतला, आणि त्याच्या बोटांना अजून भाकरी मोडता येत नाही. नकुशी घास करून देते. गेणबांचं नाव परत आलं, मेंढरं आली नाहीत. उरलेली त्यांनी बाजारात विकली. तरी ते पहाटे उठतात, काठी घेऊन काठावर जातात, आणि मागं कुणी येतंय का, हे वळून न बघता चालत राहतात.