जयवंतीचा सांधा

पूर्वेस तांबडे फुटत होते आणि कासवदुर्गाच्या काळ्याकभिन्न तटावर भरतीच्या लाटा आदळत होत्या. फिरंग्यांच्या आरमाराने दीड महिना दुर्ग वेढला होता. कोठारात चार दिवसांचे धान्य उरले होते, आणि वेढा फोडून रसद आणण्यासाठी 'जयवंती' ही शिडाची लढाऊ गुराब दर्यादरवाजाशी सज्ज उभी होती.

इतक्यात दुर्गाचे सुभेदार विसाजीराव यांना दोरकाम करणारा वृद्ध खलाशी लायजी आडवा आला.

"सरकार, गुराब सोडू नका. मोठ्या शिडाच्या दोराचा सांधा खोटा आहे. चाचपून पाहिला, खरा सांधा असा बारीक लागत नाही."

आदल्या दिवशी तोफगोळ्याने तुटलेला तो दोर कारखानीस राघोपंतांनी जोडून दिला होता. पंत कडाडले, "सुभेदार, भरती ओसरली की गुराब अडकेल! या म्हाताऱ्याला कुणी पढवलंय ते विचारा."

"सांधा तुमचा, पंत. त्याला लोंबकळून डोलकाठीवर चढा. टिकला तर माझी मान उडवा!"

"पंत, चढावं," विसाजीराव शांतपणे म्हणाले.

पंतांचे पाऊल मागे सरले. लायजीने सुरीने सांध्यावरची सुतळी कापली. आत दोराचे पेड एकमेकांत ओवलेलेच नव्हते. नुसते टोकाला टोक लावून वर डांबर फासले होते. भर दर्यात शीड कोसळून गुराब आयतीच शत्रूच्या हाती पडली असती. पंतांच्या हाती बेड्या पडल्या.

"वल्ही मारत निघा," लायजी म्हणाला, "सांधा मी वाटेत करतो."

गुराब हलली, तशा फिरंगी तोफा धडाडल्या. लायजी फळ्यांवर बसून पेडाखालून पेड ओवीत राहिला. लाकडाची ढलपी उडून त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे तुटली.

"लायजीकाका, तीनदा ओवलंत, पुरे! शीड चढवू द्या," खलाशांचा म्होरक्या तांडेल ओरडला.

"टोकं मोकळी ठेवून? सगळं उकलेल. फिरंग्याला म्हणावं, दम धर!"

टोके तासून, सुतळीचा शेवटचा वेढा दातांनी आवळूनच तो उठला.

"आता ओढा!"

शीड वाऱ्याने भरले आणि शत्रूच्या दोन जहाजांमधून जयवंती बाणासारखी निघून गेली.

तिसऱ्या दिवशी ती भात घेऊन परतली. पंधरवड्यात वेढा उठला. सुभेदारांनी दोरखान्याच्या किल्ल्या लायजीला दिल्या. त्याने पहिला हुकूम सोडला तो असा, की सुतळी गुंडाळण्याआधी प्रत्येक सांधा तांडेलाला उघडा दाखवायचा. मग उरलेल्या आठ बोटांनी स्वतः केलेला सांधा त्याने तांडेलापुढे धरला.

"ओढून पाहा. माझा म्हणून हात राखू नका."