कचरापेटीतली मुंगी

"ढब्बू, बस वायरीवर! आणि काही झालं तरी उठायचं नाही!" ताईने धाकट्या भावाला बजावलं.

ढब्बूने कॉम्प्युटरची वायर खुर्चीवर गुंडाळून ठेवली, तिच्यावर उशी टाकली आणि तो ऐटीत वर बसला. हातात पुस्तक धरलं. उलटं!

"अरे मठ्ठा, पुस्तक सुलट कर!" शंकासुर कुजबुजला. तेवढ्यात बेल वाजली. दुरुस्तीवाला आला होता.

शंकासुर म्हणजे ताई आणि ढब्बूचा मावसभाऊ. सुट्टीत राहायला आला होता. खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीत. घरात त्याला सगळे शंकासुरच म्हणायचे, कारण पाणी प्यायचं तरी आधी तो त्यात चार शंका काढायचा. आल्या आल्या त्याने घरचा कॉम्प्युटर सुरू केला, तो पडदा उजळेपर्यंत त्याचा नाश्ता खाऊन झाला.

"हा कॉम्प्युटर आहे की कुंभकर्ण?" म्हणत तो कामाला लागला. पंख्यातली धूळ झटकली. सुरू होतानाच आपोआप उघडणारे नको ते प्रोग्रॅम बंद केले. पुसलेल्या फाइलींची कचरापेटी बघितली, ती रिकामीच होती. तरी कुंभकर्ण कूस बदलेना. मग त्याला एक विचित्र गोष्ट दिसली. डिस्क गच्च भरल्याची लाल पट्टी दिसत होती, पण सगळे फोल्डर मिळून निम्मीसुद्धा जागा भरत नव्हती.

"मग उरलेली जागा गेली कुठे? कुणी खाल्ली?"

त्याने हे बाबांना सांगितलं, तर बाबांनी वर्तमानपत्रातून मानही वर केली नाही.

"असतं काय त्यात? मी बिलं भरतो, तेवढंच. उद्या माणूस येतोय. सगळं पुसून कोरं करून देईल."

"पण बाबा, आई कॉम्प्युटरवर बसायची. दार लावून..." ताई म्हणाली.

"ऑफिसचं काम करायची ती. संपलं ते आता," बाबा म्हणाले आणि उठून गेले. आईचा विषय निघाला की बाबा उठून जायचे. आई जाऊन वर्ष होत आलं होतं आणि वर्षभर हे असंच चाललं होतं.

ताईला मात्र ते पुसणं नको होतं. त्याला कारण होतं. परवा दात घासता घासता ढब्बूने एकदम विचारलं होतं, "ताई, आईचा आवाज कसा होता गं?" ताईने सांगायला तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की तिलाही तो नीट आठवत नाहीये! घरात फोटो काढायची ती आईच, त्यामुळे फोटोत आई फारशी नव्हती. बाबांचा जुना फोन पाण्यात पडला, त्यात होतं नव्हतं ते सगळं गेलं. ताई त्या दिवशी नळ सोडून किती तरी वेळ रडली, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

"जागा कुठे गेली ते कळल्याशिवाय मी पुसू देणार नाही," तिने शंकासुराला सांगितलं. म्हणून तर ही वायरीची युक्ती!

"वायर कुठाय?" दुरुस्तीवाला टेबलाखाली वाकून म्हणाला.

"इथेच असते हो! या घरात एक वस्तू जागेवर असेल तर शपथ!" बाबांनी ड्रॉवर उपसले, कपाटामागे टॉर्च मारला. ढब्बू पुस्तकात नाक खुपसून बसला होता. वायरीची पिन खालून टोचत होती, पण पठ्ठ्या हलला नाही!

"राहू द्या. दुकानातून दुसरी आणतो," दुरुस्तीवाला म्हणाला.

"चला, मीही येतो. नवी डिस्कही बघून घेऊ."

दार लागलं. ढब्बूने टुणकन उडी मारली. "लागलं मला!"

"नंतर रड! वायर दे!"

कॉम्प्युटर सुरू झाला. आतून आवाज येत होता. टक्... टक्... शंकासुराने कान लावला आणि त्याचा चेहरा उतरला. "डिस्क शेवटच्या घटका मोजतेय, ताई. हा आवाज चांगला नाही. जे करायचं ते पटकन!"

पडद्यावर नेहमीसारखी दोन नावं आली. 'घर' आणि 'आई'. सगळे नेहमी 'घर' उघडायचे. दुसऱ्या नावाला वर्षभरात कुणी हात लावला नव्हता.

"पासवर्ड असेल ना?" ढब्बू म्हणाला.

"असेलच," शंकासुर म्हणाला.

ताईने 'आई'वर क्लिक केलं. सरळ उघडलं! पासवर्ड नव्हताच. सगळे तो आहे असं धरून चालले होते, उघडून कुणीच पाहिलं नव्हतं.

आत एकच फोल्डर होता. त्याचं नाव होतं 'मुलांसाठी'.

ताईने तो उघडला. आत काहीच नव्हतं. पांढरा, कोरा!

"तिने काहीच ठेवलं नाही आपल्याला?" ढब्बूचा ओठ बाहेर आला. ताईला वाटलं, यापेक्षा पाहिलंच नसतं तर बरं झालं असतं.

"एक मिनिट," शंकासुर म्हणाला. त्याचेही डोळे भरले होते, गेलेली बाई त्याची मावशी होती. पण शंका ती शंकाच! "रिकाम्या फोल्डरने डिस्क भरते का? नाही! आणि आपण कचरापेटी बघितली ती 'घर'ची. प्रत्येक नावाची कचरापेटी वेगळी असते!"

त्याने आईची कचरापेटी उघडली. ती गच्च भरलेली होती. आईने पुसून टाकलेलं सगळं तिथेच पडून होतं. ती पेटी रिकामी करावी लागते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

शंकासुराने सगळं निवडून 'परत जागेवर' दाबलं. टक्, टक्, टक्... आणि एकेक करून सगळ्या फाइली जिथून टाकल्या होत्या तिथे, 'मुलांसाठी'मध्ये, परत आल्या.

ताईने पहिली लावली. पडदा काळाच राहिला. तेव्हा तिचं लक्ष पडद्याच्या वरच्या कॅमेऱ्याकडे गेलं. त्यावर चिकटपट्टीचा एक तुकडा होता. वर्षभर तो तिथेच होता आणि तो कुणी का लावला असेल, असा विचार एकाच्याही मनात आला नव्हता. औषधांनी आईचे केस गेले होते ना! मुलांनी तसं बघू नये म्हणून तिने कॅमेराच झाकला होता.

आणि मग काळोखातून आवाज आला.

"एक होती मुंगी. तिला समुद्र बघायचा होता. ती चालली, चालली, आणि एका भल्यामोठ्या भिंतीवर चढली. आणि वर गेल्यावर तिला दिसलं..." मग खोकला. खूप खोकला. "छे! हे नको. खोकलाच ऐकतील बिचारी. टाक कचऱ्यात."

दुसरी फाइल. पुन्हा मुंगी, पुन्हा भिंत. या वेळी दार धाडकन उघडल्याचा आवाज आणि बारीक किंचाळी, "आई! माझा मोजा सापडत नाहीये!" आई खळखळून हसली. "आले रे राजा, आले!" खुर्ची सरकली. संपलं.

"तो मी!" ढब्बू म्हणाला आणि एकदम रडू लागला. "मी मध्ये आलो म्हणून गोष्ट राहिली!"

"नाही रे. तू आलास म्हणून ती हसली."

बाबांचा आवाज! तिघांनी मागे पाहिलं. बाबा दारात उभे होते, नवी वायर हातातून लोंबत होती. किती वेळ उभे होते कोण जाणे! त्यांच्यामागून दुरुस्तीवाला पुढे आला.

"मी तर सगळ्यात आधी कचरापेटीच रिकामी करतो," तो हळू आवाजात म्हणाला. "न बघता. सवयच आहे हाताला." मग कान देऊन टक्टक् ऐकताच त्याने भराभर आपली डिस्क जोडली. "कुणी काही उघडू नका आता! आधी जमेल तेवढं उतरवून घेऊ."

सगळं उतरलं नाही. बऱ्याच फाइलींवर डिस्क अडली, करकरली आणि 'वाचता येत नाही' एवढंच सांगत राहिली. शेवटी तिचा आवाजही थांबला. जे हाती लागलं ते लागलं.

"पोरांनो, शाबास!" दुरुस्तीवाला म्हणाला. "माझ्या हातून अनर्थ झाला असता."

"माझ्या," बाबा म्हणाले. त्यांनी शंकासुराला जवळ घेतलं. "तुझ्या शंकांना मी कंटाळायचो रे. आज तूच खरा निघालास." मग त्यांनी ताईच्या डोक्यावर हात ठेवला.

वाचलेल्या सगळ्या फाइली त्यांनी ऐकल्या. प्रत्येकीत मुंगी भिंतीवर चढत होती आणि प्रत्येकीत आई तिथेच थांबत होती. कधी खोकल्याने, कधी कुकरच्या शिट्टीने, एकदा नुसतंच रडू आल्याने.

"बाबा, मुंगीला काय दिसलं? समुद्र दिसला?" ढब्बूने विचारलं.

"माहीत नाही रे. ती दार लावून बसायची तेव्हा मला वाटायचं, काम करतेय. मी कधी विचारलंच नाही."

आणि बाबा रडले. वर्षभरात पहिल्यांदा, मुलांसमोर, मोठ्याने. या वेळी मात्र ते उठून गेले नाहीत. ढब्बू त्यांच्या मांडीवर चढून बसला. बऱ्याच वेळाने त्यांनी बाहीने डोळे पुसले.

"ताई," ते म्हणाले, "मोज्याची परत लाव."

ताईने लावली.

"आले रे राजा, आले!" आई म्हणाली.