बंद फलाटावरची रांग

फोटो काढायचेत म्हणे, बंद स्टेशनाचे! अरे, टोकियोत उघडी स्टेशनं काय कमी पडली तुम्हाला? बसा इथं. चहा घ्या, नि माझं ऐकल्यावर खुशाल मसणात जा.

आमच्या ओदागिरीची गोष्ट. दोघं एकाच वर्षी नोकरीला लागलो, बोगद्यात रूळ तपासायला. त्याचा जावई मिझोबे त्याच्याच हाताखाली. गुणी माणूस, पण वाटेतल्या त्या बंद स्टेशनानं त्याला पार खुळं करून टाकलं होतं. हिरव्या फरशा, लाकडी बाकं, वर्षानुवर्षांची धूळ. डबाही तिथंच चढून खायचा. ओदागिरी खाली रुळातूनच ओरडायचा, "उतर रे बाबा, चाळीस वर्षांत मी तिथं पाऊल ठेवलं नाही!"

चार वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. सोमवारी मिझोबे फलाटाच्या कडेला जाऊन ताठ उभा राहिला.

"आता काय तिथं?"

"रांग आहे बाबा. माझ्यापुढे दोघं आहेत."

ओदागिरी हसला. मंगळवारी मिझोबे म्हणाला, "आता एकच." बुधवारी मात्र ओदागिरीनं लेकीला बजावलं, "चिनात्सु, आज त्याला घराबाहेर सोडू नकोस. कडी लाव." पोरीनं कडी लावली. रात्री गाड्या थांबल्यावर, एक वाजून वीस मिनिटांनी ओदागिरी बोगद्यात उतरला, तर मिझोबे आधीच कडेला हजर! आणि त्याच्यापुढे... कोणी नाही.

ओदागिरीनं खालून त्याचा घोटा धरला, ओढला. खांबच जसा. हलेना.

"चल रे घरी. पोरगी वाट बघतेय. पाया पडतो तुझ्या."

"रांग सोडून कसा येऊ, बाबा? मागचे काय म्हणतील?"

मागे अंधार होता. ओदागिरी रडायला लागला. घोटा धरून रडत राहिला, दोन तासांवर... जावई साधं खालीही बघेना.

पहाटे तीन चाळीसला कंट्रोल रूमचा फोन वाजला. पहिल्या गाडीसाठी रुळांत वीज सोडायची वेळ. आम्हा रेल्वेवाल्यांची रीत ठाऊक आहे ना? बघायचं, बोट दाखवायचं, मोठ्यानं सांगायचं. झोपेतसुद्धा हात उठतो आमचा.

"फलाट?" फोनवरून विचारलं.

नाही म्हणायचं होतं रे त्याला. माणूस आहे, थांबा, म्हणायचं होतं. पण घोट्यावरचा हात सुटला. वर गेला. दुसऱ्या हातानं त्यानं तो दाबून धरला. तरी गेला. बोट ताठ झालं... थेट मिझोबेकडे.

"फलाट मोकळा! ठीक!"

त्याचाच आवाज.

आणि फलाट...

...मोकळा.

आठ दिवस शोधलं. बोगदा, गटारं, हवेचे झरोके. काही नाही. चिनात्सुनं बापाला एकच विचारलं, "बाबा, तुमच्या हातात होता ना तो?" हे सगळं मला सांगताना ओदागिरी त्या हाताकडेच बघायचा.

पोलिसांनी धुळीवर बॅटरी मारली, तेव्हा मी तिथं होतो. मिझोबेच्या पावलांचे ठसे कडेपर्यंत. आणि त्यांच्या मागे, हातभर अंतर सोडून, आणखी एक जोडी. ताजी. डाव्या बुटाची टाच आतून झिजलेली.

तसा बूट आमच्यात एकाचाच होता. त्या फलाटावर कधीच न चढलेल्या ओदागिरीचा.