बिननावाची चकती

हिंगोलीच्या एका खासगी दवाखान्यात मी लॅब सांभाळते. रुबीनाच्या, म्हणजे माझ्या, रिपोर्टवर इथं कुणी शंका घेत नाही. हे फुशारकीनं नाही, वैतागून सांगते. कारण त्या पंधरवड्यात माझाच माझ्या रिपोर्टवरचा विश्वास उडाला.

पुसेगावच्या पंचफुलाबाईंचा पाय शेळ्यांमागं धावताना मोडला. ऑपरेशन नीट झालं, पण चौथ्या दिवशी जखमेत पू झाला. हा जंतू त्यांनी घरून आणला नव्हता, आमच्याच वॉर्डातला होता आणि औषधांना दाद न देणारा होता. असा पू मी काचेच्या बशीत पसरते, वर औषधात भिजवलेल्या कागदी चकत्या ठेवते. ज्या औषधानं जंतू मरतात, त्या चकतीभोवती दुसऱ्या दिवशी स्वच्छ गोल दिसतो. बशीच्या पाठीला मार्करनं औषधांची नावं लिहायची, झालं. यात गूढ काही नाही, पोटापाण्याचं काम आहे.

मंगळवारी दोनच चकत्यांभोवती गोल होते, अमिकासिन आणि मेरोपेनेम. शिवहार डॉक्टरांनी खाटेजवळ उभं राहून मोठ्यानं सांगितलं, "अमिकासिन चालू करा." ताप हटला नाही. गुरुवारच्या बशीत अमिकासिनचा गोल गायब. मग डॉक्टरांनी तिथंच मेरोपेनेमचं नाव घेतलं. शनिवारी तोही गोल गेला.

"जंतू शिकतात, रुबीना," डॉक्टर म्हणाले.

शिकतात, मान्य. पण मी मंगळवारची जुनी बशी फ्रीजमधून काढली. त्या गारठ्यात हे जंतू वाढत नाहीत. दोन्ही गोल बुजले होते.

पंचफुलाबाईंचे मालक मसाजी व्हरांड्यात बसलेले असायचे. मला बघून म्हणाले, "तिच्यापुढं काहून नाव घेता तुमी? आमच्यात बकरी आजारी पडली की तिच्यापुढं दव्याचं नाव काढत न्हाईत. दुखणं ऐकून राह्यतं."

"मामा, जंतूला कान नसतात."

"कानाचं कोण बोलून राहिलं, बाई?"

मला त्यांचा राग आला. खरं तर भीती वाटली होती.

आता एकच औषध उरलं होतं, नांदेडहून मागवलेलं. त्याच्या तयार चकत्या नव्हत्या. मी फायलीला भोकं पाडायच्या पंचनं गाळण-कागदाच्या दोन चकत्या पाडल्या, दोन्ही त्याच इंजेक्शनात बुडवल्या आणि एकाच बशीत ठेवल्या. एकीच्या पाठीमागं औषधाचं नाव लिहिलं. दुसरीच्या मागं काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी नाव लिहिलेल्या चकतीला जंतू थेट चिकटून वाढले होते. कोरीभोवती रुपयाएवढा स्वच्छ गोल होता.

डॉक्टर आधी हसले. मग बशी उजेडाकडं धरून बराच वेळ बघत राहिले. त्यांनी बाटल्यांची लेबलं स्वतः सोलून काढली, केसपेपरवर फक्त 'चालू औषध' लिहिलं आणि प्रत्येक डोस स्वतःच्या हातानं दिला. एकही शब्द न बोलता.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. पंचफुलाबाईंनी डोळे उघडले आणि गाभण शेळीला चारा घातला का, म्हणून मसाजींना विचारलं. मी लॅबमध्ये येऊन पोटभर रडले.

अजून चार दिवस डोस द्यायचा होता. ते नाव मनातही आणायचं नाही असं मी ठरवलं, आणि ठरवल्यापासून दुसरं काही मनात येईना. चहा गाळताना, रिक्षात बसताना, ओठ घट्ट मिटलेले. जेवताना अम्मीनं विचारलं, काहून गप्प गप्प? मी भाजीत मीठ कमी आहे म्हणाले. डॉक्टरांशी नजरानजर टाळू लागले. त्यांचंही तेच चाललं होतं.

हे लिहितानाही मी ते नाव लिहीत नाही.

सातव्या दिवशी सकाळी मी जखमेचा नमुना घ्यायला वॉर्डात गेले. मसाजी खाटेपाशी वाकून ऐकत होते.

"पहाटपासून एकच शब्द पुटपुटून राहिली," ते म्हणाले. "गावाचं नाव हाय का माणसाचं? आमच्यात तर असं कोणाचं न्हाई."

आणि त्यांनी तो शब्द म्हणून दाखवला.

एकही अक्षर चुकलं नव्हतं.

मी पंचफुलाबाईंच्या कपाळाला हात लावला. कपाळ चांगलंच तापलं होतं.

"कोणाचं हाय ते, बाई?"

"माहीत नाही, मामा."

शेजारच्या खाटेवर रुख्मिणीबाई होत्या. आदल्याच दिवशी ऑपरेशन झालेल्या. जखम कोरडी, ताप नाही, असं त्यांच्या केसपेपरवर लिहिलेलं होतं. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते.

मसाजींनी तिकडं कान लावला.

"ह्या बी तेच म्हणून राहिल्या," ते म्हणाले.