झिजलेली वाट

दादाने शेतावरच्या घराची फरशी बदलली हे मला फोटो पाहून कळलं. जुनी दगडी घरं दुरुस्त करणं हा माझा धंदा, आणि सख्ख्या भावाला मला विचारावंसंही वाटलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली.

पणजोबांनी शेतातलाच दगड फोडून ते घर बांधलं. दोन हात जाड भिंती, चुन्याचे सांधे, आणि चार पिढ्यांच्या पावलांनी खळगे पडलेली फरशी. नजर गेल्यावर बाबा त्या खळग्यांवरूनच चालायचे. खाटेपासून स्वयंपाकघर, तिथून दार. काठीसुद्धा लागत नसे. दादाच्या काळ्या, गुळगुळीत ग्रॅनाइटवर ते पहिल्याच आठवड्यात पडले. खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून त्यांना कूससुद्धा बदलता येत नव्हती.

मी त्यांना माझ्याकडे न्यायला गाडी घेऊन गेले. दादा दारातच म्हणाला, "आल्या आल्या भांडू नकोस. फरशी खचलीये, ती बघ आधी."

"फरशी खचलेली बरी दिसली तुला. बाबा पडले तेव्हा कुठे होतास?"

मी वाकून हात फिरवला. खचलं काहीच नव्हतं, सगळे सांधे जागच्या जागी होते. दगड झिजला होता. खाटेपासून स्वयंपाकघरापर्यंत, तिथून दारापर्यंत, पावलाएवढे खळगे. ग्रॅनाइट असा झिजायला पिढ्या जातात.

"कोण घासतं इथे?"

"मला दुसरे उद्योग नाहीत का?" दादा म्हणाला, पण त्याचा आवाज बसला होता.

एक ओळ भलतीकडेच, मागच्या भिंतीकडे गेली होती. तिथलं दार आजोबांनी बाबांच्या जन्माआधीच दगडांनी बुजवलं होतं. शेवटचा खळगा अर्धाच दिसत होता. उरलेला भिंतीखाली होता.

भीती वाटायला हवी होती. मला रागच आला. दादाचा, घराचा, त्या भिंतीचाही.

"बाबा, आत्ताच्या आत्ता निघायचं."

बाबा हसले. "तुझ्याकडे फरशी सपाट असेल गं. इथे आत्ता कुठे वाट झाली. बिचारे आपले गेलेले सगळे राबले, मीही राबलो."

मोजे घालायला त्यांच्या पायांवरचं पांघरूण ओढलं.

तळवे राखाडी पुडीने माखले होते. काळा ग्रॅनाइट घासला की अशीच पूड निघते.

हात लावून पाहिलं. कोमट होती.